दुधाचा नवस

सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून मी निम्मं आयुष्य काढलं, पण माझ्या खोलीला कुणी समुपदेशन केंद्र म्हटल्याचं मला आठवत नाही. शिपाई म्हणायचा 'ताईंची खोली', सिस्टर म्हणायच्या 'पाठीमागची खोली', आणि जिला तिथं यावं लागायचं ती तर नावच घ्यायची नाही. 'तिकडं जाऊन येते' एवढंच. एक्स-रेच्या मागं, पाण्याच्या टाकीला लागून ती खोली होती. टाकी भरून वाहायला लागली की पाणी माझ्या उंबऱ्याला लागायचं, मग मी आणि शिपाई मिळून खराटा घेऊन ते हाकलायचो. आता निवृत्त होऊन दोन दिवाळ्या झाल्या. तरी सकाळी दहाच्या सुमाराला मला अजून वाटतं की दाराशी कुणीतरी चप्पल काढतंय. अख्ख्या दवाखान्यात चप्पल बाहेर काढून आत येणाऱ्या बाया फक्त माझ्याकडं यायच्या. कितीदा सांगितलं, बायांनो, हे देऊळ नाही, पण कुणी ऐकलं नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. गरोदर बाई दवाखान्यात नाव घालायला आली की तिचं रक्त घेतात. हिमोग्लोबिन, शुगर, कावीळ यांच्या जोडीनं एचआयव्हीचीही तपासणी होते. बहुतेकींचं काही निघत नाही आणि त्यांना मी आठवतही नसेन. एखादीचं निघतं. मग सिस्टर तिला माझ्यासमोर बसवून दार ओढून घेतात आणि पुढचं मला बोलायचं असतं. ते कसं बोलायचं याचं आम्हाला प्रशिक्षण दिलेलं असतं. पुण्यात पंख्याखाली बसून आम्ही एकमेकींना ते वाक्य बोलून दाखवायचो आणि जेवायला जायचो. पण समोर खरोखरची पोर पोटावर हात ठेवून बसली की त्यातला एक शब्द आठवत नाही. मी आधी विचारायचे, जेवलीस का? बहुतेक जणी उपाशीच असायच्या, कारण रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असा समज. मग आधी माझ्या डब्यातली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, आणि बाकीचं नंतर.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे ऐकल्यावर बाई विचारत असेल, मी आता मरणार का? असं विचारणाऱ्या फार थोड्या भेटल्या. पहिला प्रश्न असायचा, 'बाळाला होईल का?' आणि दुसरा, 'घरात कळंल का?' पहिल्याचं उत्तर माझ्या नोकरीतच बदललं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत बदललं याचा मला फार आनंद आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी अडखळत बोलायचे. पुढं औषधं सुधारली. रोज एक गोळी, जन्मभर, बाळंतपण दवाखान्यात, बाळाला सुरुवातीचे काही आठवडे औषध, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. एवढं नीट पाळलं तर बाळ बहुतेक वेळा सुखरूप सुटतं. हे मी शेवटी शेवटी अगदी ठणकावून सांगायला लागले होते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडं कधीच उत्तर नव्हतं.

एकदा वरून एक फॉर्म आला. या आयांच्या 'जीवनाचा दर्जा' कसा आहे ते विचारायचं आणि उत्तम, बरा, वाईट यांपैकी एकावर खूण करायची. राहुरीकडची ऊसतोड संपवून आमच्या भागात परत आलेल्या एका बाईला मी ते विचारलं. तिचं बाळ महिन्याचं होतं. ती म्हणाली, 'दर्जा म्हंजी काय वो ताई?' मी म्हटलं, म्हणजे तुझं कसं चाललंय, बरं वाटतं का जिवाला. तिनं जरा विचार केला आणि हळूच विचारलं, 'बाळाचा मुका घेतला तर चालंल का?' महिनाभर त्या माउलीनं आपल्या लेकराचा मुका घेतला नव्हता, आणि तसं तिला कुणी सांगितलेलंही नव्हतं. तिनंच ठरवलं होतं. मी म्हटलं, घे, आत्ता घे. तिनं घेतला, आणि मी तिच्याबरोबर रडले. फॉर्मवर कशावर खूण केली ते आता आठवत नाही.

दुसऱ्या प्रश्नापायी आम्हाला बरीच सोंगं करावी लागत. मला गावोगाव घरी जाऊन बाळाची चौकशी करायची असे, पण 'त्या खोलीतली बाई' अमक्याच्या घरी आली एवढं दिसलं तरी गावाला पुरे. म्हणून मी कधी बचत गटवाली व्हायचे, कधी पोलिओवाली. सगळ्यांत उपयोगी सोंग कुटुंब नियोजनवालीचं. ते नाव काढलं की पुरुष माणसं चपला घालून रानात जायची आणि सासवा तोंड फिरवून म्हशीकडं. सूनबाईशी दहा मिनिटं निवांत बोलता यायचं. गोळीसाठीही आम्ही एक नाव शोधलं होतं. घरच्यांना थायरॉईडची गोळी म्हणून सांगायचं. आमच्या कृपेनं त्या पट्ट्यात थायरॉईड फार आहे.

आता अश्विनीचं सांगते. नाव खरं नाही आणि गावही सांगत नाही. कर्जतच्या बाजूचं कांदा-लिंबाचं शेतकरी घर. नवरा जेसीबी चालवायचा. दोघांनाही आजार निघाला. तो माझ्यासमोर बसून इतका रडला की शेवटी तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. जाताना तो एवढंच म्हणाला, 'मॅडम, घरात न्हाई कळलं पायजे. आमी दोगं काय ती गोळी खाऊ.' मी म्हटलं, माझ्याकडून कळणार नाही.

अश्विनीला आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत, पण माहेरी करणार कोण? वडील आणि दोन भाऊ. म्हणून ते सासरीच व्हायचं ठरलं. त्याची काळजी मात्र नव्हती, कारण घरात थोरली जाऊ होती, सविता. तिला ती अक्का म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून अक्कानंच तिच्या डोक्याला तेल लावलं, भाकरी थापायला शिकवलं, डोहाळजेवणाला स्वतःचा शालू नेसवला. योग असा की अक्कालाही त्याच सुमाराला दिवस राहिलेले. तिची पहिली मुलगी, आता दुसरी खेप. सासू दोन्ही सुनांची बाळंतपणं एकदमच करायला बसली. एकाच खोलीत दोन बाजा, एकच शेगडी, एकाच पातेल्यात खारकेची खीर. अश्विनीला मुलगा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्काला पुन्हा मुलगी.

मी त्या वेळी मनात म्हटलं होतं, ही पोर नशीबवान आहे. इतकं सगळं असून तिला आईच्या मायेचं घर मिळालं.

आणि एका दुपारी मी डबा उघडून बसले होते तेव्हा तिचा फोन आला. आवाज अगदी दबका. गोठ्याच्या मागून बोलत होती. 'ताई, लघवीला म्हनून बाहेर आलेय. पटकन सांगा, काय करू?'

झालं होतं असं. अक्काच्या छातीत गळू झालं, ते कापावं लागलं, ताप चढला आणि दूध आटलं. पोरगी भुकेनं सकाळपासून टाहो फोडत होती. आणि इकडं अश्विनीला दूध भरपूर. सासूनं सरळ अक्काची पोरगी उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, 'पाज तिला. तुजं तर उतू चाललंय.' यात त्या बाईचं काहीच चुकलं नाही. आपल्या घरांमधून हे पूर्वापार चालत आलंय. एकीचं आटलं तर दुसरी पाजते. तसं पाजलेलं लेकरू मग जन्मभर तिचंही असतं. नाही म्हणणारी बाई कुणी पाहिलेली नाही. आणि अश्विनीला तर नाही म्हणायलाच हवं होतं, कारण या आजारात आईचं दूध तिच्या स्वतःच्या बाळाला चालतं ते औषधाच्या राखणीखाली. दुसऱ्याच्या बाळाला ती राखण नसते. तिच्या मांडीवर ठेवलेला तो तान्हा जीव आणि ज्या घरात तिला राहायचंय ते घर, यांतलं एक तिला निवडायचं होतं, आणि आत सगळे वाट बघत होते.

मी म्हटलं, 'दूध कमी आहे म्हण.'

'ताई, पोलकं भिजलंय माजं. सगळ्यांला दिसतंय.'

'गोळीचं सांग. थायरॉईडची गोळी दुधातून उतरते म्हण.'

'मग माज्या पोराला कशी चालती म्हनतील.'

बरोबर होतं तिचं. मग ती म्हणाली, 'पाजू का एकडाव? एक डावानं काय हुतंय?' तो आवाज मला आजही ऐकू येतो. ती मला परवानगी मागत होती.

मी म्हटलं, 'नाही. नवस आहे म्हणून सांग.'

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही. आमच्या घराण्यात नवस हा शब्द नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या आजोबांनी देव्हाऱ्यातले देव पाटीत भरून सीना नदीच्या पाण्यात सोडले आणि नंतर आजीनं अंगारा लावला म्हणून आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. मी स्वतः कितीतरी बायांना नवसापायी औषध सोडू नका म्हणून झापलंय. आणि आता मीच फोनवर नवस रचत होते. मुलगा व्हावा म्हणून बोललीस, की सहा महिने बाळाला माझ्या दुधाशिवाय काही देणार नाही आणि माझं दूध दुसऱ्या कुणाला देणार नाही. मोडला तर देवीचा कोप.

'कोनत्या देवीचा सांगू?' ती म्हणाली.

मला काय माहीत? मी म्हटलं, 'तुमच्याकडं कोण चालतं?'

'राशीनची.'

'मग तिचाच सांग.'

डबा तसाच राहिला. मी त्या दिवशी काही जेवले नाही.

आठ-दहा दिवसांनी गावातल्या आशाताईला बरोबर घेऊन मी कुटुंब नियोजनवाली म्हणून त्या घरी गेले. पुरुष लगेच उठून गेले. सासू मात्र बसून राहिली. सहावारी साडी नऊवारीसारखी घट्ट खोचलेली, हातात पोपटी बांगड्या, बाई करारी. तिनं आधी मला माझं आडनाव विचारलं. आमच्या जिल्ह्यात जात कळायला आडनाव पुरतं. मी सांगितलं, तिनं ऐकलं, आणि तिनं आशाताईला दिला तसल्याच कपात मला चहा दिला. मग म्हणाली, 'आमच्या धाकलीनं नवस बोललाय बाई. पोराला साहा म्हैनं वरचं कायबी द्यायचं न्हाई. मी घुटी उगाळून ठिवल्ती, ती बी दिली न्हाई. देवीचं म्हनल्यावर कोन मोडनार?'

मी चहाचा घोट घेतला. सहा महिने फक्त आईचं दूध, हे दवाखान्याच्या भिंतीवर रंगीत चित्रांसकट लिहिलेलं आहे आणि ते वाचून एकाही सासूनं घुटी थांबवल्याचं मला माहीत नाही. राशीनच्या देवीनं ते एका दुपारी करून दाखवलं. आजोबांची क्षमा मागून मी मनात तिचे आभार मानले.

एवढ्यात पलीकडच्या बाजेवरून सविता बोलली. 'नवस हुता तर आधी का न्हाई सांगितला? पोरगी मांडीवर आल्याव देवी आठवली. लेक झालाय ना. आमच्या पोरीला कोन पुसतंय.'

अश्विनी खाली मान घालून मुलाचं अंगडं सारखं करत बसली. सविताची पोरगी बारीक दिसत होती. वरच्या दुधानं तिला जुलाब झाले होते, मध्ये दोन दिवस सलाईनवर ठेवावी लागली होती. 'आपल्याच घरात दूध वाहतंय अन माजं लेकरू सलाईनवर,' सविता मला म्हणाली, 'तुमीच सांगा मॅडम, याला काय म्हनायचं?'

मला सगळं माहीत होतं आणि मला काही म्हणता येत नव्हतं. आमच्या कामातला सगळ्यांत अवघड भाग हाच. गुपित फोडायचं नाही असा कायदाही आणि शब्दही दिलेला. मी सविताजवळ गेले, बाटली टाकून द्यायला लावली, वाटी-चमचा उकळून कसा घ्यायचा, दुधाची पावडर किती आणि पाणी किती, हे तिला करून दाखवलं. पुढं मी महिनाभर दर आठवड्याला त्या घरी गेले, अश्विनीचं निमित्त करून खरं तर त्या पोरीसाठी. पोरगी सुधारली, गालावर मांस आलं. सविता नाही सुधारली. एकदा मला म्हणाली, 'तुमी बी तिच्याच बाजूच्या दिसताय.'

सहा महिने झाल्यावर सासूनं थाटात नवस फेडला. टेम्पो करून सगळं घर राशीनला गेलं. देवीची ओटी भरली, पुरणाचा नैवेद्य दाखवला, आणि नातवाला तिथंच पहिला भात चाटवला. सासूनं मलाही आग्रहाचं बोलावणं धाडलं होतं. मी गेले नाही. ज्या देवीच्या नावानं आपण खोटं बोललो तिच्यासमोर जायचं, तर आधी तिला मानावं तरी लागतं. अश्विनीनं नंतर सांगितलं की अक्का आली नाही. गुरांकडं कोण बघणार म्हणून घरी थांबली.

अश्विनी दर महिन्याला गोळ्या न्यायला यायची. मुलगा बाळसेदार, तिचे रिपोर्ट उत्तम. रक्तात विषाणू मोजता येऊ नये इतका कमी. डॉक्टर म्हणायचे, ही आपली सगळ्यांत चांगली पेशंट. कागदावर तसंच होतं. पण खोलीत येऊन बसली की ती आजाराबद्दल एक अक्षर बोलायची नाही, सगळं अक्काबद्दल. 'अक्का माज्या हातचा चा घेत न्हाई. डोकं दुखत असलं तरी मला म्हनत न्हाई.' पुढं पोरगी चालायला लागली. ती पोरगी नेमकी अश्विनीकडंच धाव घ्यायची, आणि अक्का तिला दंडाला धरून ओढून न्यायची. 'तिकडं न्हाई जायचं. ती आपली न्हाई,' असं पोरीला म्हणायची. हे सांगताना अश्विनी रडायची नाही, नुसती माझ्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहायची. अशा वेळी मला माझ्या कामाचा राग यायचा. आम्ही बाई जगवली, तिचं पोर वाचवलं, तिच्या जावेचं पोर वाचवलं, आणि त्याची सगळी किंमत तिच्या एकटीच्या पदरात टाकली.

मूल दीड वर्षाचं झालं की शेवटची तपासणी होते. तोवर मधूनमधून टाचेतून रक्त घेतात, पण पक्कं उत्तर या शेवटच्या तपासणीचं. त्या दिवशी निरोप मी स्वतः दिला. मुलगा निरोगी. आता कधी तपासायची गरज नाही. या क्षणासाठी मी ती नोकरी केली. आया तेव्हा काय काय करतात ते मी पाहिलंय. कुणी माझ्या गळ्यात पडायची, कुणी जमिनीवर बसकण मारायची, एक तर शिपायाच्या हातावर पेढा ठेवून त्याच्या पाया पडायला वाकली आणि तो बिचारा पळत सुटला.

अश्विनी स्टुलावर बसून राहिली. मुलगा तिच्या पदराशी खेळत होता. ती म्हणाली, 'ताई, हे आता मी कुनाला सांगू?'

मी म्हटलं, 'नवऱ्याला सांग की.'

'त्येला सांगीनच. त्यो रडंल अन झोपंल. बाईमानूस पायजे ना ताई, असलं सांगायला.'

इतकी वर्षं मी गुपित राखायला शिकवत होते. वाईट बातमी झाकून ठेवली की चांगलीही तिच्याखाली झाकली जाते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. जगातली सगळ्यांत मोठी आनंदाची गोष्ट तिच्या हातात होती आणि ती ठेवायला तिच्याकडं जागा नव्हती.

मग ती म्हणाली, 'अक्काला सांगू?'

सांग म्हणणं किंवा नको म्हणणं आमच्या कामात बसत नाही. आम्ही फक्त दोन्ही बाजू मांडतो. म्हणून मी तिला दुसऱ्या तालुक्यातल्या एका बाईचं खरंखुरं उदाहरण सांगितलं. तिनं विश्वासानं नणंदेला सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तिची बाज गोठ्यात गेली. तान्हं मूल तिच्याकडून काढून घेतलं. मी पोलिसांची भीती घालून मूल परत मिळवून दिलं, पण बाज काही घरात आली नाही. अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं. 'अक्का तशी न्हाई,' म्हणाली, आणि मग स्वतःलाच विचारल्यासारखं, 'आता कशी हाय ते मला बी म्हाईत न्हाई.' मुलाला कडेवर घेऊन ती गेली.

त्यानंतर मी फोनची वाट बघत होते. मी करू शकत नव्हते. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलणार? त्या गावची कुणी बाई दवाखान्यात दिसली की तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघायचे. घरात सगळे विचारायचे, काय झालंय तुला. मला तर घरीही सांगता यायचं नाही. मला भीती वाटत होती, खरीखुरी.

आणि बाजाराच्या दिवशी भर गर्दीत सविता आली. एकटीच. चप्पल दाराबाहेर न काढता तरातरा आत आली आणि स्टुलावर बसली. मला बघून म्हणाली, 'तुमी कुटुंब नियोजनवाल्या न्हाई.'

'नाही,' मी म्हटलं.

'मी घरात तिला काय काय बोलत हुते, अन तुमी चा पीत ऐकत हुता.'

'हो.'

'तोंड उघडावं वाटलं न्हाई?'

'रोज वाटायचं.'

शिव्या देईल, रिपोर्ट मागेल, माझी पोरगी तपासा म्हणेल, अशी मी सगळी तयारी करून बसले होते. तिनं तसलं काही केलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, 'गोळी किती दिस खायाची तिनं?'

'जन्मभर.'

'सुटायची न्हाई?'

'नाही. पण रोज घेतली तर ती तुमच्या-माझ्याएवढी जगेल.'

'आता कांदा काढायला आलाय. या म्हैन्याच्या गोळ्या मी नेल्या तर चालंल का?'

मी म्हटलं, नियमानं तिलाच यावं लागतं. 'मग दोगी येऊ,' ती म्हणाली. तरी उठेना. हात मांडीत घेऊन बसून राहिली. बाहेर ओपीडीत नावं पुकारत होते. मग खाली बघत, सावकाश बोलायला लागली.

'मॅडम, माजी पोरगी भुकंली, रडाय लागली, की ही उठून न्हानीत जायची. आतून कडी लावायची. दर टायमाला. मी म्हनायची, बघा, हिला माज्या लेकराचं रडनं बी सोसत न्हाई. आत्याबाईस्नी सांगायची, थोरल्या पोरीला सांगायची, शेजारी बी सांगितलं. परवा तिनं सांगितलं. म्हनली, अक्का, तुजी पोरगी रडली की मला आपोआप पान्हा फुटायचा. थांबायचाच न्हाई. तुला दिसू नये म्हनून न्हानीत जाऊन, पिळून, मोरीत सोडून देत हुते.'

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. तिनं तो घेतला नाही.

'मग तुम्ही काय म्हणालात तिला?' मी विचारलं.

'काय म्हननार?' सविता म्हणाली. 'म्हनलं, आधी सांगायचं की गं येडे. दोगी संगं रडलो असतो.'